हयातीचा दाखला

संपादकांचे पत्र आले तेव्हा यंदाच्या अंकासाठी त्यांनी 'स्मरण' हा विषय मुक्रर केल्याचे कळले, आणि सोबत एक सूचनाही होती: बालपणाच्या आठवणींवर आणि गावाकडच्या सणावारांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तेव्हा आपण उलट बाजूने जावे आणि ज्यांचे स्मरणच ओसरत चालले आहे अशा माणसांना व त्यांच्या घरांना भेटून यावे. सूचना रास्त होती. वृद्धांच्या विसराळूपणावर आपल्याकडे विनोद विपुल आहेत, हळहळही विपुल आहे. परंतु त्या घरांत सकाळी सहापासून रात्री दोनपर्यंत प्रत्यक्ष काय चालते, याचे वर्णन मात्र क्वचितच वाचावयास मिळते.

पुण्यातील एका रुग्णालयात ठरलेल्या दुपारी 'मेमरी क्लिनिक' भरते. नाव भारदस्त असले तरी जागा म्हणजे एक लहानशी खोली, दोन टेबले, भिंतीवर कालनिर्णय, आणि बाहेरच्या बाकावर आपापल्या माणसाचा हात धरून बसलेल्या लेकी-सुना. त्या दिवशी प्रथम आत आल्या त्या मावळातल्या एक आजी. डॉक्टरांनी तारीख विचारताच त्यांनी, हा प्रश्न आपल्या खात्यातला नव्हे, अशा मुद्रेने सुनेकडे पाहिले. "तारीख हिच्या मोबाइलात असती. आज अष्टमी." मदतनीस मुलीने कॅलेंडर पाहिले, सप्तमी होती. तिथी एका दिवसाने चुकलेली आजी आणि वार एका दिवसाने चुकणारा निवृत्त प्राध्यापक यांत वैद्यकीयदृष्ट्या फरक करण्याचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी कागदावर गुण मांडला.

जगभर वापरली जाणारी तीस गुणांची ही प्रश्नपत्रिका १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहून दाखवा, कागदावरचा मजकूर वाचून तसे करा, असे तिचे प्रश्न. म्हणजे जो शाळेची पायरी चढलाच नाही तो निरोगी असूनही नापास व्हावयाचा. हरियाणातील बल्लभगड येथे संशोधन करणाऱ्या मंडळींना ही अडचण प्रकर्षाने जाणवली, तेव्हा त्यांनी तिची हिंदी आवृत्ती करताना सातांऐवजी विसातून तीन-तीन वजा करावयास सांगितले, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एखादे वाक्य बोलावे असे ठरविले, आणि वाचण्याऐवजी परीक्षक करील तशी नक्कल करावी अशी सोय केली. आजींनी विसातून तीन-तीन वजा करून दाखविले. अंडी मोजून विकणाऱ्या बाईला ते जड नव्हते.

त्यांच्यानंतर आलेले गृहस्थ पाटबंधारे खात्यातून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते. बोलणे अस्खलित, सदरा कडक इस्त्रीचा, आणि विसरलेल्या प्रत्येक गोष्टीवर घालावयास एक सफाईदार विनोद तयार. पंतप्रधानांचे नाव विचारले तर "त्यांनी तरी माझं कुठं लक्षात ठेवलंय?" असे म्हणून त्यांनी सर्वांना हसविले. मग डॉक्टरांनी कोरा कागद पुढे करून घड्याळ काढावयास आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवावयास सांगितले. ज्या हाताने कालव्यांचे नकाशे तपासले त्या हाताने एक सुबक वर्तुळ काढले. परंतु सगळे आकडे उजव्या कडेलाच दाटीने उतरले, डावी बाजू रिकामी राहिली, आणि मिनिटकाटा दोनावर जावयाचा तो थेट दहावर गेला, कारण 'दहा' हा शब्द कानी पडला होता आणि त्या शब्दाचा दोनाशी असलेला संबंध मनाला जुळविता आला नव्हता. ते कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. काहीतरी बिघडले आहे हे त्यांना दिसत होते. काय, ते सापडत नव्हते. या वेळी विनोद सुचला नाही.

आवक-जावक

बाहेरच्या बाकावर बहुतेकांच्या तोंडी एकच नवल होते: साठ वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या मुलांची नावे हजेरीच्या क्रमाने सांगणारा माणूस सकाळचा चहा झाला की नाही हे सांगू शकत नाही, मग ही स्मृती गेली कुठे आणि राहिली कुठे? याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. कानांच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या दोन्ही बाजूंस, हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळलेला लहान भाग असतो, आणि त्याचे काम जुन्या कचेरीतल्या आवक-जावक कारकुनासारखे: येणाऱ्या प्रत्येक प्रसंगाची नोंद करावयाची, क्रमांक घालावयाचा आणि योग्य त्या दप्तरात रवाना करावयाचे. हा कारकून रजेवर गेला तर पूर्वी बांधून ठेवलेली दप्तरे जागच्या जागी राहतात. परंतु आजची टपाले टेबलावर पडतात आणि वाऱ्याने उडून जातात. अल्झायमर रोगाचा प्रारंभ बहुधा याच भागात आणि त्याच्या शेजारी होतो, आणि तोही लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी, निमूटपणे.

ज्यांचे नाव या रोगास मिळाले ते आलोईस अल्झायमर जर्मनीत फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होते. १९०१ च्या नोव्हेंबरात आउगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री तेथे दाखल झाली. तिचा पती रेल्वेत कारकून होता, आणि तो आपल्याशी एकनिष्ठ नाही असा तिने धोशा घेतला होता. अल्झायमर यांनी टिपून ठेवलेल्या संवादांत एक प्रसंग असा आहे की, जेवणाच्या वेळी तिच्या ताटात फुलकोबी आणि मांस असताना तिला काय खाते आहेस असे विचारले, तर तिने पालक असे सांगितले. १९०६ साली ती वारली, तेव्हा म्युनिकला गेलेल्या अल्झायमर यांनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि चांदीच्या क्षारांनी रंगविलेल्या त्याच्या पातळ कापांत, पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत पडलेल्या गाठी त्यांना दिसल्या. गोळे ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि गाठी टाऊ या प्रथिनाच्या, हे पुढे सिद्ध झाले. १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. आउगुस्टेचे मूळ कागद मात्र नव्वदएक वर्षे गहाळ होते. ते १९९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या दप्तरखान्यातच सापडले.

स्मृतिभ्रंश म्हणजे सर्वस्वी अल्झायमरच असे नव्हे. शंभरांतील साठ-सत्तर रुग्णांत तो असतो. उरलेल्यांत कोणाच्या मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या मधुमेहाने व रक्तदाबाने ठिकठिकाणी बंद झालेल्या असतात, कोणाला रिकाम्या खोलीत माणसे व प्राणी दिसू लागतात, तर कोणाची स्मृती शाबूत राहून स्वभावच पालटतो, आणि जन्मभर मर्यादेने वागलेला गृहस्थ परक्याच्या ताटातले उचलून खाऊ लागतो. या शेवटच्या प्रकारात घरच्यांचे हाल सर्वाधिक होतात, कारण 'विसरतात बिचारे' ही सहानुभूतीही शेजारीपाजारी देत नाहीत.

स्मृती ही एकच एक वस्तू नाही, हे शास्त्राला ज्याच्यामुळे उमगले तो मनुष्य या रोगाचा रोगी नव्हता. अमेरिकेतील हेन्री मोलेसन याच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा भाग १९५३ साली अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढून टाकला गेला आणि त्या दिवसापासून नवी आठवण म्हणून त्याच्यापाशी टिकेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्यास दिली. दुसऱ्या दिवशी त्याला ती पूर्वी गिरविल्याचे स्मरण नव्हते, तिसऱ्या दिवशीही नव्हते. परंतु हात मात्र दिवसागणिक सुधारत होता. हाताचे शिक्षण वेगळ्या कोठारात साठत होते, आणि तेथे त्या कारकुनाची गरजच नव्हती.

पाटल्या तांदळात

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाने मला येऊ दिले, बसू दिले, आणि काही काळाने माझ्याकडे लक्ष देणेही सोडले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सासूबाई निवृत्त शिक्षिका. मुलगा नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर. सूनबाईंनी आपली नोकरी सोडलेली. सकाळ एकंदरीत बरी जाते. कपडे पलंगावर घालावयाच्या क्रमाने मांडलेले असतात, आतले वर आणि साडी सर्वांत खाली. "आंघोळ करून घ्या, मग कपडे घालून चहाला या" असे तीन हुकूम एका वाक्यात दिले तर तिन्ही बुडतात, म्हणून एका वेळी एकच सांगावयाचे. गॅसची कळ सिलिंडरापाशीच बंद. बाहेरच्या दाराला कडी नेहमीच्या उंचीवर न लावता पार वर लावलेली, कारण शोधणारी नजर सवयीच्या जागेपलीकडे जात नाही.

दुपारी पाटल्या चोरीस गेल्या. त्या आठवड्यातून दोन-तीनदा जातात. ज्याने वस्तू सुरक्षित म्हणून लपविली त्याला लपविल्याची नोंद राहत नाही. वस्तू जागेवर नाही हे तेवढे कळते, आणि उरलेली पोकळी तर्क भरून काढतो: कोणीतरी नेली. संशयाला माणूसही जवळचेच लागते. बारा वर्षे या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींवर आळ आला, त्यांच्या आईबापांचा उद्धार झाला, आणि मावशी शांतपणे हात पुसत स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा घेऊन आल्या. "आजी, इथं ठेवल्या होत्या वाटतं कुणी." 'तुम्हीच' हा शब्द त्यांनी गाळला. सूनबाई मला म्हणाल्या, "पहिल्यांदा त्या रडत घरी गेल्या होत्या. आता लपवायच्या जागा मला नाहीत इतक्या त्यांना पाठ आहेत."

खरी कसोटी दिवेलागणीला. उजेड मावळू लागला की सासूबाई उठतात, पदर खोचतात, पिशवी घेतात आणि घरी जावयाचे म्हणतात. हे घरच आहे, असे सांगितले तर त्या संतापतात. त्यांना हवे असलेले घर मिरजेचे आहे आणि ते साठ वर्षांपूर्वीचे आहे. डॉक्टरांच्या मते दिवसभराचा शीण, अंधुक उजेडातल्या सावल्या आणि शरीराच्या आतल्या घड्याळाचा बिघाड अशी अनेक कारणे या सायंकाळच्या अस्वस्थतेमागे असतात. म्हणून त्या घरात चारलाच सगळे दिवे लागतात. तरी प्रश्न येतोच: "भाऊ आला का गं?" भाऊ केव्हाच वारले. प्रथम मुलगा प्रामाणिकपणे तसे सांगे. आणि प्रत्येक वेळी ती वार्ता नवीच असे. बाई हंबरडा फोडीत, आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारीत. सत्य बोलण्याच्या नावाखाली आपण आईला रोज संध्याकाळी भावाच्या मरणाचे दुःख देत आहोत, हे लक्षात आल्यावर त्याने उत्तर बदलले. आता सूनबाई विचारतात, "भाऊमामा यायचे तेव्हा काय आणायचे हो?" मग साताऱ्याचे कंदी पेढे निघतात, गाडी कोरेगावला किती थांबे ते निघते, आणि पिशवी हळूच खुंटीवर जाते.

याला लबाडी म्हणणारे नातेवाईक आहेत. मला ते पटत नाही. २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना करुण आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखविण्यात आले. थोड्याच मिनिटांत त्यांना चित्रपटातले जवळजवळ काही आठवेना, परंतु दुःख किंवा आनंद मात्र मागे रेंगाळत राहिला. एखादा मुलगा 'तिला कुठं कळणार आहे' म्हणून भेट टाळतो, तेव्हा तो हिशेबात चुकतो: भेट विसरली जाईल, परंतु भेटीने आलेला हुरूप विसरला जाईलच असे नाही. तसेच, रागावून बोललेला शब्दही निघून जाईल आणि त्याचा सल मात्र बिनपत्त्याचा मनात फिरत राहील.

राजीखुशीने व अक्कलहुशारीने

नोव्हेंबरात बँकांपुढे निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. आपण जिवंत आहोत असे वर्षातून एकदा लेखी सांगावे लागते, आणि २०१४ पासून ते बोटांच्या ठशाने संगणकावरही सांगता येते. पाटबंधाऱ्याच्या त्या गृहस्थांचे कुटुंब मला तेथे पुन्हा भेटले. दाखल्याचे काम कसेबसे उरकले; अडले ते मुदत ठेवीपाशी. सही जुळेना. नमुन्याची सही डौलदार, पल्लेदार. आताची प्रत्येक अक्षरापाशी अडखळणारी. कारकून उद्धट नव्हता. त्याने तीनदा कागद दिला, आणि तिन्ही सह्या एकमेकींशीही जुळल्या नाहीत.

आपल्या नियमांत हात लुळा पडलेल्या माणसाची सोय आहे: आजारी निवृत्तिवेतनधारकाला अंगठा, आणि तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदारांसमक्ष उमटविता येतो. हात शाबूत असून मागचा निर्णय करणारे मन मात्र डळमळले आहे, अशा माणसाची सोय शोधू गेल्यास पंचाईत होते. बहुतेक घरे मुखत्यारपत्रावर विसंबून असतात. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार मुखत्यारपत्र देणाराच विकलमनस्क झाला की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवले त्याच दिवशी ते रद्दी होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची आणि प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली, ती उपचारांपुरती. घरदार, ठेवी, भाडेकरू यांना ती लागू नाही. तेव्हा काही कुटुंबे उच्च न्यायालयात जातात, आणि संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखालील आपल्या अधिकारात न्यायालये, मुंबईचे उच्च न्यायालयही, अशा व्यक्तीसाठी पालक नेमतात. त्यासाठी वकील, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि वेळ लागतो. बाकीची कुटुंबे काय करतात हे बँकेतल्या सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही.

आपल्या दस्तांत जुन्या अमदानीपासून 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' लिहून दिल्याचा मजकूर असतो. तो खरोखर लिहिता येईल अशा काळातच मृत्युपत्र, संयुक्त खाती आणि नामनिर्देशन उरकावे, हा सल्ला वकील देतात आणि तो बरोबर आहे. अडचण एवढीच की निदानाचा कागद हाती आल्यावर पहिले वर्षभर घरातला कोणीही तो विषय काढावयास धजत नाही, आणि नंतर काढून उपयोग नसतो.

वाखाचे दोर

हा शहरांचा, सुशिक्षितांचा, म्हणजे वेळ असणाऱ्यांचा रोग आहे अशी एक समजूत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आणि ते स्त्रियांत पुरुषांपेक्षा, खेड्यांत शहरांपेक्षा अधिक आढळले. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात अधिक. मनाला आयुष्यभर जे व्यायाम घडतात त्यांची काही शिल्लक उतारवयात उपयोगी पडते, असे यावरून मानतात. हैदराबादेत २०१३ साली ६४८ रुग्णांच्या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाची लक्षणे साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि निरक्षरांतही तो फरक होता. सोलापूरच्या बाजारात मराठी, कानडी आणि तेलुगू एका दमात बोलणाऱ्या बाईला ही वार्ता कोणीतरी कळवावयास हवी.

वाईच्या पश्चिमेला डोंगराच्या पोटातील एका गावात मी एका शेतकऱ्याकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. रोगाचे नाव घरात कोणी ऐकलेले नव्हते. "म्हातारचळ हाय, दुसरं काय" एवढ्यावर निदान संपले होते. संध्याकाळी ते गोठ्यापाशी जाऊन बैलांना हाका मारतात. बैल विकून दहा वर्षे झाली. कधी शिवाराकडे निघतात, आणि मग वाटेतला जो कोणी असेल तो, "आबा, तिकडं नगा जाऊ, इकडं चला" म्हणून त्यांना दंडाला धरून घरी पोचवितो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृत पंडित एका हत्तीच्या मागोमाग निघून जातो, आणि त्याच्या विद्वत्तेचा पत्ताही नसलेली माहुताची बायको त्याला लेकरासारखे सांभाळते. गावात ती सोय वर्षानुवर्षे आपोआप होती. आता घरोघरची तरणी माणसे पुण्या-मुंबईत आहेत, आणि दंडाला धरणारे हात आबांच्याच वयाचे होत चालले आहेत.

आबांना मुलाचे नाव आले नाही. त्यांच्या नातवाने घायपाताचा वाख आणून मांडीवर ठेवला, तेव्हा मात्र बोटांना काही विचारावे लागले नाही. दोन पदर वेगळे काढले, तळव्याने मांडीवर पीळ दिला, एक पदर संपत आला की नेमक्या ठिकाणी नवा मिसळला, आणि जोड कोठे आहे हे मला बोट फिरवूनही कळेना. अर्ध्या तासात हातभर दावे झाले. नातवाने ते उचलून खुंटीला लावले. तेथे असली दावी पुष्कळ होती.

एक गोष्ट मात्र त्या गावात मन खात राहिली. म्हातारचळ म्हणून सोडून दिलेल्या प्रत्येक माणसास स्मृतिभ्रंशच असतो असे नाही. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खोल विषाद, झोपेच्या वा इतर काही गोळ्या, पडल्यानंतर कवटीखाली सावकाश साचलेले रक्त, यांनीही मन असेच धुकटते, आणि यांतील पुष्कळांवर इलाज आहेत. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरी बसविलेल्या माणसाची साधी रक्ततपासणीही होत नाही. खऱ्या अल्झायमरवर मात्र उतारा नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काही काळ थोडा आधार देतात. अमेरिकेत २०२३ मध्ये संमत झालेले लेकानेमॅब हे औषध प्रारंभीच्या अवस्थेत रोगाचा वेग काहीसा कमी करते, परंतु मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका पत्करून. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणे मोजली आणि ती सर्व आयुष्यभर दूर ठेविता आली तर सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळतील किंवा लांबतील असे म्हटले. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्या पंक्तीला कमी ऐकू येणे हेही आहे. आबांना कित्येक वर्षांपासून कमी ऐकू येते. श्रवणयंत्राचा विचार कोणी केला नव्हता.

हजेरीपट

अशा व्यक्तींना दिवसभर ठेवून घेणारी केंद्रे आता मोठ्या शहरांत थोडीफार आहेत. पुण्यातल्या एका केंद्रात साडेदहाला हरिपाठ होतो, आणि ज्यांना वाक्य पुरे करता येत नाही त्यांना अभंगाचा पुढचा चरण येतो. नंतर कामे. मेथी निवडणे, मोगऱ्याचे गजरे, रुमालांच्या घड्या. चालविणाऱ्या बाईंचा दंडक असा की कोणाला "ओळखा पाहू मी कोण?" असे विचारावयाचे नाही, आल्या-आल्या आपणच नाव सांगावयाचे. भेटीस येणारे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि मग समोरचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा होतो.

जिल्हाधिकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक काका प्रारंभी दिवसभर दार वाजवीत. त्यांना उशीर होत होता. साहेब येण्यापूर्वी पोचावयाचे होते. केंद्राच्या बाईंनी एक लांबट नोंदवही आणली, लाल-निळ्या रेघा मारून तिचा हजेरीपट केला आणि काकांच्या पुढ्यात ठेवला. आता ते दहाला येतात, चष्मा पुसतात, आणि प्रत्येकाचे नाव विचारून स्वच्छ मोडी वळणाच्या देवनागरीत लिहितात. नावे त्यांना रोज नव्याने विचारावी लागतात, याचा कोणालाच त्रास नाही. उशिरा येणाऱ्यावर ते शेरा मारतात. माझ्या नावापुढे त्यांनी 'बाहेरगावचा इसम, कामाचा खुलासा नाही' असे लिहिले.

सोबतीला असलेल्या मुली बहुतेक मराठवाड्यातून आलेल्या, ब्यूरोमार्फत लागलेल्या. शिक्षण दहावी-बारावी, या कामाचे रीतसर प्रशिक्षण कोणालाच नाही. त्यांतल्या एकीने मला सांगितले की आजोबा मारायला धावले तर ती मागे सरते आणि त्यांचा टॉवेल मागते. टॉवेल देण्यासाठी हात मोकळा करावा लागतो. हे तिला कोणी शिकविलेले नाही. रात्री ती दुसऱ्या एका घरी नाइट ड्यूटी करते.

केंद्र पाचला बंद होते. जी वेळ घरांना सर्वांत जड जाते तीच नेमकी सुटीची वेळ, हे सर्वांनाच कळते. निदान आठपर्यंत उघडे ठेवावे अशी सुनांची जुनी मागणी आहे. बाईंनी हिशेब मांडून दाखविला: तीन तासांसाठी दोन मुली अधिक, रात्रीच्या गाडीला वेगळा चालक, आणि वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांची हरकत. "चालक मिळाला तर बाकीचं मी बघते," त्या म्हणाल्या. पाचला गाडी लागली. काकांनी हजेरीपट मिटला आणि किल्ली मागितली. कचेरी बंद करण्याची जबाबदारी त्यांची होती. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हाती दिला, कुलूप लावून होईस्तोवर त्या थांबल्या, आणि मग चालकाला म्हणाल्या, "उद्या तुझ्या भावाला विचारून ये. रात्रीचं येईल का म्हणावं, पगाराचं बघू."